सदुसष्ट रुपयांचं छप्पर

पुण्याच्या जुन्या पेठांत मालक-भाडेकरूचं भांडण वारसाहक्काने मिळतं. बापाने लावलेला दावा मुलगा चालवतो आणि ज्या जिन्यावरून दावा लागला तो जिना निकालाआधी कोसळतो. बाहेरचे लोक या भांडणांकडे करमणूक म्हणून बघतात. हसण्यासारखं त्यात पुष्कळ आहे, हे खरंच. पण मला त्यात दोन सरळ माणसांची फरफट दिसते आणि ती त्यांच्यामागे कुणी लावून दिली तेही दिसतं. म्हणून दोघांना एकमेकांसमोर बसवून बोलू द्यायचं ठरवलं.

मालक अण्णा, भाडेकरू तात्या. शुक्रवार पेठेतला दुमजली वाडा, पांढऱ्या मातीच्या भिंती, सागवानी खांब, वर मंगलोरी कौलं. ही दोन माणसं कुणा एका वाड्यातली नाहीत; बऱ्याच वाड्यांतली भांडणं ऐकून मी ती जुळवली आहेत. कायदा, कलमं आणि त्यांची सालं मात्र खरी आहेत. दोघे सत्तरी ओलांडलेले, एका शाळेत एका बाकावर बसलेले. एरवी अरे-तुरे; भांडण तापलं की अहो-जाहो.

अण्णा : तुझे वडील चार दिवसांसाठी म्हणून आले होते, तात्या.

तात्या : आले नव्हते, तुझ्या वडिलांनी आणले होते. १२ जुलै १९६१. पानशेत धरण फुटलं, नारायण पेठेतलं आमचं घर गेलं. चौथ्या दिवशी आईने बोचकं बांधलं तर तुझी आजीच म्हणाली, निघालात कुठे, जायला घर कुठे उरलंय? महिन्याभराने पंधरा रुपये भाडं ठरलं. तुझ्या वडिलांच्या हातची पावती आहे माझ्याकडे.

अण्णा : भटाला दिली ओसरी...

तात्या : पुढचं बोलू नकोस. आम्हाला ओसरी नाही दिली, माडीवरच्या दोन खोल्या दिल्या. ओसरीवर वाण्याचं दुकान आहे. त्याला ऐकवून दाखव ती म्हण.

अण्णा : वाण्याला कशाला? तो उधारीवर साखर देतो.

तात्या : आणि मी तुला काय दिलं नाही? तुझ्या मुलीच्या लग्नात पंगती कुणी वाढल्या?

अण्णा : पंगती वाढल्यास म्हणून काय वाडा नावावर करू? दोन खोल्या, स्वयंपाकघर, माळा, मागची गॅलरी, आणि भाडं सदुसष्ट रुपये! चौकात दोघांनी पोहे खाल्ले तर बिल जास्त होतं.

तात्या : सदुसष्टचा आकडा मी नाही काढला. कायद्याने काढला.

हे तात्यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि हिशेब समजून घेतल्याशिवाय अण्णांचा संताप कळणार नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरांकडे माणसांचा लोंढा आला, घरं पुरेनात, भाडी भडकली. पाठोपाठ फाळणी झाली. अशा वेळी भाड्याला चाप लावणं हे शहाण्या सरकारचं कामच होतं. मुंबई प्रांताच्या १९४७च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० ही तारीख पकडली. त्या दिवशीचं भाडं ते प्रमाण भाडं. त्यानंतर पहिल्यांदा भाड्याने गेलेल्या जागेचं, ती ज्या दराने गेली तेच. कायदा तात्पुरता होता. मुदत संपत आली की वाढवायची, पुन्हा संपत आली की पुन्हा वाढवायची, असं करत पन्नास वर्षं गेली. डिसेंबर १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं, की भाडं असं गोठवून ठेवणं काळाच्या ओघात अवाजवी झालं आहे. तरीही कायदा तिथल्या तिथे रद्द केला नाही, कारण त्याची मुदत ३१ मार्च १९९८ला संपणारच होती आणि नवा कायदा येऊ घातला होता. तो १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, ३१ मार्च २०००पासून लागू. त्याने मालकाला दरसाल चार टक्के वाढ दिली. अण्णांच्या पंधरा रुपयांचे करांची भर पडून तोवर पंचवीस झाले होते. पंचवीसचे चार टक्के म्हणजे एक रुपया. अशी दरसाल भर पडत पडत आज सदुसष्ट.

अण्णा : त्या एका रुपयासाठी वकिलाकडून रजिस्टर नोटीस पाठवली. टपालालाच त्याहून जास्त गेले.

तात्या : समोरच्या दारात राहतोस. चौकातून हाक मारून मागितला असतास तर माडीवरून टाकला असता.

अण्णा : टाकला असता! भाडं तरी कधी हातात दिलंस?

तात्या : अहो मालक, हातात घेतलंत कधी? दावा लावल्यापासून तुम्ही भाडं घेत नव्हता. मी पोस्टात जाऊन मनीऑर्डर करायचो, कमिशन भरून. पोस्टमन ती घेऊन तुमच्याकडे यायचा. तुम्ही त्याला चहा द्यायचात आणि कागदावर 'नाकारली' असं लिहायचात. मग तो जिना चढून माझ्याकडे यायचा. मीही चहा द्यायचो.

अण्णा : भाडं घेतलं असतं तर कोर्टाने म्हटलं असतं, भाडं घेताय म्हणजे तक्रार कसली.

तात्या : आणि मी पाठवलं नसतं तर म्हटलं असतं, थकबाकीदार आहे, काढा बाहेर. परत आलेल्या मनीऑर्डरींची ट्रंक भरली आहे. बायको म्हणते, दागिने कपाटात आणि हे कागद कुलपात!

अण्णा : त्या पोस्टमनला तेवढा फायदा झाला.

दुरुस्तीचा विषय निघाला की खरी लढाई सुरू होते. कायदा सांगतो, इमारत राहण्याजोगी ठेवणं हे मालकाचं कर्तव्य. त्याने ते केलं नाही तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, तरीही काही झालं नाही तर स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून कापावा. मात्र एका वर्षात कापायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नसावी. वाचायला हे न्याय्य वाटतं. आता सदुसष्ट गुणिले बारा करून बघा. आठशे चार. त्याचा चौथा हिस्सा दोनशे एक.

तात्या : दोनशे एक म्हणजे लग्नातला आहेर झाला. तेवढ्यात गवंडी जिना चढून वरसुद्धा यायचा नाही. मागच्या पावसात माझ्या घरात दोन पातेली, एक परात आणि नातवाची बादली मांडलेली होती. रात्री आम्ही नवरा-बायको आळीपाळीने उठून भांडी रिकामी करायचो.

अण्णा : आणि ते पाणी खिडकीतून चौकात ओतायचात! माझ्या अंथरुणाच्या डोक्याशी!

तात्या : गळती तुमचीच, पाणीही तुमचंच. परत केलं.

अण्णा : अहो, आठशे चार रुपये वर्षाला देता तुम्ही. कौलं शाकारायला माणूस मिळत नाही. मिळालाच तर सगळ्या बिऱ्हाडांचं वर्षाचं भाडं त्याच्या दोन दिवसांच्या मजुरीत जातं. वासे वाळवीने खाल्लेत, ते बदलायचे तर मी कुठून आणू? माझी पेन्शन कारकुनाची. वाड्याचा मालक म्हणून लोक नमस्कार करतात आणि मी मागच्या अंधाऱ्या दोन खोल्यांत राहतो. चांगल्या खोल्या सगळ्या भाडेकरूंकडे. माझ्या वाड्यात सर्वांत वाईट जागा माझी आहे.

तात्या : ते खरं आहे. तुझ्या खोल्यांत दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो.

अण्णा : जिन्यातला दिवाही माझ्याच मीटरवर.

तात्या : म्हणून तर संध्याकाळी साडेसातला बंद करतोस. मी अंधारात दोनदा घसरलो.

अण्णा : त्यासाठी तर पाटी लावली होती : 'जिना जुना आहे. एका वेळी एकानेच चढावे. हुकमावरून.'

तात्या : आणि मी खाली खडूने लिहिलं : 'मालकांनी आधी चढून दाखवावे.'

अण्णा : ते पुसायला मी चढलो तेव्हाच तिसरी पायरी मोडली.

तात्या : मग मी फळी ठोकून दिली ना! त्याचे चौऱ्याऐंशी रुपये भाड्यातून कापले, तर त्यावर तुमची नोटीस : विनापरवाना बांधकाम!

या दोघांच्या लढाईतला सगळ्यात लांब चाललेला प्रसंग सहा महिन्यांचा. भाडेकरूने सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही तर मालकाला ती परत मागता येते, असं कलम आहे. तात्यांची सून बाळंत झाली, दोघे म्हातारे मुलाकडे बंगळुरूला गेले. अण्णांनी त्या दिवसापासून डायरी ठेवली.

अण्णा : रोज लिहायचो. 'खिडकी बंद. दिवा नाही. कडी-कुलूप.' इतकी नेमाची रोजनिशी मी नोकरीतही ठेवली नव्हती.

तात्या : मी दोरीवर हिचं एक पातळ वाळत टाकून गेलो होतो. घर चालू दिसावं म्हणून.

अण्णा : ते पातळ महिनाभर वाळत होतं! मला तेवढं कळत नाही होय? शेवटी पावसाची सर आली तेव्हा मीच काढून घडी करून ठेवलं, भिजून कुजलं असतं.

तात्या : सहा महिन्यांना थोडे दिवस उरले असताना आम्ही परतलो. बघतो तर गॅलरीतली तुळस हिरवीगार. मंजिऱ्या आलेल्या. माझ्या वकिलाने ताबडतोब उत्तरात लिहिलं : 'माझे अशील सदर जागेचा नियमित वापर करीत असून त्यांच्या तुळशीस दररोज पाणी घातले जात आहे.'

अण्णा : पाणी मी घालत होतो.

तात्या : ते मला ठाऊक होतं. पण तुझ्या वकिलाला कसं सांगणार?

अण्णा : मीही नाही सांगितलं. तुळस वाळू देऊन दावा जिंकायचा असेल तर तो दावा काय कामाचा? शिवाय वहिनींनी लावलेली. पण डायरीची सगळी पानं फुकट गेली, हे मात्र मला सहन झालेलं नाही.

शिवाजीनगरच्या कोर्टात तारीख असली की दोघे एकाच रिक्षाने जातात. स्वतंत्र जाणं परवडत नाही. जाताना वादी पैसे देतो, येताना प्रतिवादी. कोर्टात अण्णा सांगतात, मुलाचा संसार वाढला आहे, जागेची खरीखुरी गरज आहे. तात्या सांगतात, मला दुसरीकडे आसरा नाही. न्यायाधीशाला दोन्हींची तुलना करून, जागा परत दिल्याने जास्त हाल होतील की न दिल्याने, हे ठरवायचं असतं. कायद्यानेच ते त्याच्यावर टाकलं आहे. ही तुलना वर्षानुवर्षं चालते आणि तेवढ्यात दोन्ही बाजूंची परिस्थिती पार बदलून जाते. अण्णांचा मुलगा वाट बघून थकला आणि बाणेरला भाड्याने राहायला गेला. तात्यांच्या मुलाने वाकडला फ्लॅट घेतला, स्वतः बंगळुरूला गेला आणि फ्लॅट भाड्याने दिला. तेव्हापासून भांडणात एक विलक्षण गोष्ट घडते. विषय बाणेर-वाकडकडे वळला की दोघे नकळत बाजू बदलतात.

अण्णा : काय दिवस आलेत बघ. अकरा महिने संपले आणि पोराच्या घरमालकाने सांगितलं, जागा सोडा. कारण विचारलं तर म्हणतो, करार संपला. नातीची शाळा चालू आहे, तिची रिक्षा ठरलेली आहे. भाडं वेळेवर देतो, भिंतीला खिळा मारत नाही, तरी बिऱ्हाड उचल! भाड्याने राहणाऱ्या माणसाला काही हक्क आहेत की नाही?

तात्या : करार तो करार. संपला की जागा सोडायची. मुदतीनंतर राहिलं तर दुप्पट आकारणी, कायद्यातच आहे. आम्ही वाकडच्या फ्लॅटला तेच केलं. नोंदणी केलेला करार, डिपॉझिट आधी, पोलिसांकडे माहिती. हल्ली कुणाचा भरवसा देता येत नाही. एकदा माणूस घरात शिरला की निघत नाही.

अण्णा : तात्या.

तात्या : काय?

अण्णा : काय बोललास ते ऐकलंस?

तात्या : तू काय बोललास ते तू ऐकलंस का?

अण्णा : माझ्या पोराची गोष्ट वेगळी आहे. तो खरंच अडचणीत आहे.

तात्या : माझ्या पोराचीही वेगळी आहे. त्याच्या डोक्यावर फ्लॅटचे हप्ते आहेत. भाडं आलं नाही तर बँक थांबत नाही.

अण्णा : मग माझ्याही डोक्यावर वाळवी आहे, तात्या. तीही थांबत नाही.

या तीन-चार वाक्यांत मला सगळा प्रश्न दिसतो. अण्णा दुष्ट नाहीत, तात्या लोभी नाहीत. डोक्यावरचं छप्पर अचानक जाऊ नये ही तात्यांची मागणी रास्त आहे. तीच मागणी अण्णा आपल्या नातीसाठी करतात. इमारत उभी राहील इतकं भाडं मिळावं ही अण्णांची मागणी रास्त आहे. तीच तात्या आपल्या मुलासाठी करतात. माझं स्पष्ट मत असं आहे, की भाडेकरूला संरक्षण दिलं ही सरकारची चूक नव्हती. चूक ही, की त्या संरक्षणाची किंमत एकट्या घरमालकाच्या खिशातून काढली आणि मग तो खिसा रिकामा झाल्यावर गळकं छप्पर दोघांच्या डोक्यावर ठेवून सरकार बाजूला झालं. घर देणं ही समाजाची जबाबदारी असेल तर तिचा खर्चही समाजाने उचलायला हवा होता. ज्याला परवडत नाही त्याला भाड्यात मदत द्यावी, ज्याला परवडतं त्याने इमारतीच्या देखभालीपुरतं तरी भरावं, आणि देखभालीचा पैसा वेगळ्या खात्यात जाऊन इमारतीवरच खर्च व्हावा.

हे काही अशक्य नाही. मुंबई बेटावरच्या जुन्या इमारतींसाठी १९६९ साली कायदा होऊन दुरुस्ती मंडळ स्थापन झालं. उपकर गोळा करायचा, त्यात सरकारने भर घालायची आणि त्यातून दुरुस्ती करायची. त्या मंडळाच्या कामाबद्दल लोकांच्या तक्रारी खूप आहेत, पण मालक आणि भाडेकरू यांच्याखेरीज तिसरा खिसा लागतो, एवढं तरी तिथे मान्य झालं. पुण्याच्या वाड्यांच्या वाट्याला असं मंडळ आलं नाही. आणि १९९९च्या कायद्याने बँका आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्या यांना संरक्षणातून वगळलं. योग्यच केलं. पण अण्णांच्या वाड्यात बँकही नाही आणि कंपनीही नाही.

वाड्याला महापालिकेची नोटीसच तेवढी येते. पावसाळ्याच्या तोंडावर दिंडीदरवाज्यावर कागद डकवला जातो : इमारत धोकादायक आहे, रिकामी करावी.

तात्या : ही नोटीस तुम्हीच आणवलीत.

अण्णा : माझंही नाव त्यात आहे! मलाही बाहेर जा म्हटलंय. मी कुठे जाऊ?

तात्या : तुम्ही मालक आहात. जागा मोकळी झाली तरी जमीन तुमचीच. आम्ही एकदा बाहेर पडलो की 'परत घेऊ' म्हणणारे ओळख दाखवत नाहीत. दोन वाडे सोडून पलीकडची बिऱ्हाडं बघा, अजून भाड्याच्या जागेत दिवस काढतायत. मी पडलो तरी वाड्याबरोबर पडेन.

अण्णा : काहीतरी बोलू नकोस. बिल्डर आला होता ना, तुझ्यासमोर बोलला. एवढ्याशा अरुंद जागेत बाजूने मोकळी जागा सोडायची, सगळ्या भाडेकरूंना त्यांची त्यांची जागा द्यायची, मग विकायला काय उरतं? चहा पिऊन गेला तो परत आला नाही.

तात्या : शेजारच्या दोन वाड्यांना बरोबर घेतलं तर येईल.

अण्णा : शेजारच्या वाड्यात चुलत-सुलत धरून बावीस वारस आहेत. त्यांचं आपापसात पटत नाही.

तात्या : मग यंदाच्या पावसाचं काय करायचं ते बोल. बंगळुरूहून पोराने पैसे पाठवलेत. कौलं मी घेतो.

अण्णा : तू घेतलीस की बिल तुझ्या नावावर येणार. उद्या तुझा वकील ते कोर्टात दाखवणार : मालकाने दुर्लक्ष केलं म्हणून भाडेकरूला छप्पर करावं लागलं.

तात्या : मग बिल तुझ्या नावावर करू.

अण्णा : चालेल.

तात्या : नाही चालणार! उद्या तू म्हणशील, इमारतीत सुधारणा केली, भाडं वाढवा. कायद्यात तीही सोय आहे, माझ्या वकिलाने सांगितलंय.

अण्णा : निम्मी कौलं तुझ्या नावावर, निम्मी माझ्या.

तात्या : आणि गळती नेमकी तुझ्या निम्म्यातून झाली तर?

अण्णा : तर तू नोटीस दे. पंधरा दिवसांची.

तात्या : देईन. पण वासे तुझे.

अण्णा : वासे माझे. मजुरी?

तात्या : मजुरी वाण्याकडून घेऊ. ओसरीवर पाणी त्याच्याही साखरेवर गळतं.

अण्णा : त्याच्याकडे तू बोल. माझी उधारी बाकी आहे.